चिकटपट्टीखालचं अक्षर

नऊ वर्षांतलं हे पाचवं घर.
किती संसार सोबत न्यायचा ते सरकार ठरवतं, पौंडांत.
पियानो त्यामुळे नेब्रास्कात राहिला,
हॅलोवीनचा प्लास्टिकचा भोपळा मात्र
दर वेळी यादीत बसत आला,
दोन समुद्र ओलांडून, एका डोळ्याने फुटका.

संध्याकाळी पाचला
तळाच्या कुंपणाआत दोन देशांची गीतं वाजतात.
गाड्या थांबतात, सायकली थांबतात, हात छातीवर.
कुंपणाबाहेर, त्याच पाचला,
खांबांवरचे भोंगे एक हळवी धून लावतात:
पोरांनो, अंधारतंय, घरी जा.
आमचं घर बाहेर, एमेटची शाळा आत.
तो सात वर्षांचा आहे.
त्याला वाटतं, दोन्हींचा अर्थ एकच.

रसेल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला.
कुठे, ते विचारायचं नसतं.
"वाळू आहे," एवढंच तो फोनवर सांगतो.
जाण्याआधीच्या रविवारी
घरमालकीण कुदो-सानच्या भावाच्या बागेत
आम्ही सफरचंदांवरच्या कागदी पिशव्या उतरवल्या होत्या.
आतली फळं फिकट, तापातून उठलेल्या गालांसारखी.
झाडांखाली चंदेरी कागद अंथरलेला,
ऊन खालूनही लागावं म्हणून.
कुदो-सानने एका फळाला चिकटपट्टी लावून दाखवली:
जिथे ऊन नाही, तिथे रंग नाही.
रसेलने खिशातून काळी टेप काढली
(विमानं दुरुस्त करणाऱ्याच्या खिशात ती असतेच)
आणि एमेटचं पहिलं अक्षर कापलं,
मधली दांडी उगाच लांब.

मग थंडी आली.
रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीतून फिरू लागली.
गेल्या वर्षी एमेट आइस्क्रीमवाला समजून
नाणी घेऊन धावला होता,
यंदा डबा घेऊन धावतो.
हॅलोवीनला तो वैमानिक झाला नाही, मेकॅनिक झाला,
कानांवर बापाचे कानझापडे,
बाह्या चार वेळा दुमडलेल्या.
शेजारची मियू आणि तिचा भाऊ
एकाच चादरीतलं भूत होऊन आले.
चॉकलेट घेतलं, चादरीसकट वाकले,
आणि बदल्यात भाजलेलं रताळं देऊन गेले,
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, हात भाजेल इतकं गरम.

थँक्सगिव्हिंगची टर्की चौदा पौंडांची
आणि आमची शेगडी एक मासा भाजण्यापुरती.
मी कुऱ्हाड मागून आणली. त्याबद्दल जास्त सांगत नाही.
बराकीतली चार पोरं जेवायला होती.
त्यातला टियर्नी, एकोणीस वर्षांचा,
भांडी घासताना थांबला,
म्हणाला, साबण डोळ्यांत गेला.
मी त्याला कोरडा टॉवेल दिला आणि पुसायच्या कामावर लावलं.

आईला फोन केला. तिच्याकडे अजून बुधवार.
"तू तर उद्यातून बोलतेयस," ती म्हणाली,
"मग सांग, उद्या सगळं ठीक आहे ना?"
आहे, म्हटलं.
रस्सा थोडा कमी पडतो. बाकी ठीक आहे.

पोरं गेल्यावर कुदो-सान दारात,
हातात एकच सफरचंद, रुमालात बांधलेलं.
गडद लाल, जड,
आणि त्यावर पिवळसर, उजेड न लागलेलं ते अक्षर,
मधली दांडी लांब.
तिने दातांनी चावण्याची खूण केली: आता खा, लगेच.
एमेटने मान हलवली
आणि ते फ्रिजमध्ये अंड्यांशेजारी ठेवलं.
बाबा मार्चमध्ये येतोय, म्हणाला.

सफरचंद मार्चपर्यंत टिकतं का, मी कुणाला विचारलं नाही.
सकाळी विमानं उठतात, कपाटातल्या ताटल्या किणकिणतात,
मी अंडी काढायला फ्रिज उघडते
आणि ते फळ जरासं फिरवून ठेवते,
बागेत फिरवतात तसं,
आतल्या दिव्याकडे दुसरी बाजू करून.
दार फार वेळ उघडं राहतं.
फ्रिज ओरडू लागतो.